रंग चढला नाही तेव्हा...

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. आजचा इतिहास एका भिंतीचा आहे. ही भिंत आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आहे, आणि तिचा ठावठिकाणा लागायला ऐंशी वर्षं गेली!

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात निरनिराळे रंग सोडून बघत होते. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा. मेंदूला हा रंग धरतच नाही, असा त्यांनी अर्थ लावला. पुढे १९०८ चं नोबेल मिळालेला हा माणूस, त्यांचं म्हणणं कोण खोडणार? खोडलं ते त्यांच्याच शिष्याने. एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं! म्हणजे रंग धरत होता, वाट अडलेली होती. गुरूला याहून चांगली दक्षिणा कोणती? त्याच वर्षी श्नाउडिगेल यांना डोळ्याच्या पडद्यातही तोच प्रकार आढळला.

पण भिंत आहे कुठे? ती दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, हे १९६३ मध्ये फार्कर आणि पलाडे यांनी दाखवलं. १९६६ मध्ये पोर्तुगालचे कुन्हा-वाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सांधे पडद्याच्या केशवाहिन्यांत दाखवले.

सांध्यातला चुना कसला, हे जपानमध्ये कळलं. शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत १९९३ मध्ये ऑक्लुडिन हे प्रथिन सापडलं. पण ते काढून टाकलेल्या पेशींतही सांधे शाबूत! पुन्हा शोध सुरू. १९९८ मध्ये क्लॉडिन हाती लागलं. लॅटिनमध्ये 'बंद करणे' या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून हे नाव.

आता, बंद घरात शिधा कसा येणार? पडदा तर भलताच खादाड. त्यासाठी भिंतीच्या पेशींतच द्वारपाल प्रथिनं आहेत. ग्लूट-१ नावाचा द्वारपाल साखर आत घेतो, आणि तो इन्सुलिनच्या हुकमाची वाट बघत नाही. रक्तात साखर चढली की आतही चढते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर सांधे सैल होतात, पाणी झिरपतं, पडदा सुजतो आणि नजर अधू होते.

१९६१ मध्ये अमेरिकेत नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिरेतून फ्लुरोसीन हा रंग सोडून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढण्याची रीत प्रसिद्ध केली. आपल्यातल्या काही मधुमेही मंडळींनी ही तपासणी करून घेतली असेल. रंग वाहिन्यांतच राहिला तर ठीक, बाहेर पाझरला तर भिंतीला भगदाड.

म्हणजे युक्ती तीच, १८८५ ची. रंग चढला नाही म्हणून एर्लिख कोड्यात पडले. आपण मात्र तो चढू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतो!