जाहिरातरोधक ॲपांची अडवणूक

मार्च 2013 मध्ये गूगलने प्ले स्टोअरवरून ॲडब्लॉक प्लससह अनेक जाहिरातरोधक ॲप काढून टाकली. एका ॲपने दुसऱ्याच्या सेवेत ढवळाढवळ करू नये, या वितरण करारातील अटीकडे बोट दाखवले गेले. गूगलची मुख्य कमाई जाहिरातींतून होते, हे अर्थात करारात लिहिलेले नव्हते.

ॲपलने सप्टेंबर 2015 मध्ये आयओएस 9 सोबत दार उघडले, पण मोजूनमापून. काय रोखायचे याचे नियम ॲपने द्यायचे आणि रोखण्याचे काम सफारीने करायचे. त्यामुळे वाचक काय पाहतो, हे ॲपला कळत नसे. विकासक मार्को आर्मेंट यांचे ‘पीस’ हे जाहिरातरोधक ॲप लगोलग सशुल्क ॲपांत अव्वल ठरले आणि दोनच दिवसांत त्यांनी ते स्वतःहून मागे घेतले. पुढच्याच महिन्यात ॲपलने ‘बीन चॉइस’सारखी ॲप हटवली. ती फोनमध्ये स्वतःचे रूट प्रमाणपत्र बसवत, त्यामुळे कूटबद्ध माहितीही त्यांना वाचता येई; ही हरकत रास्तच होती.

फेब्रुवारी 2016 मध्ये सॅमसंगच्या ब्राउझरसाठीचे ‘ॲडब्लॉक फास्ट’ गूगलने हटवले, आणि काही दिवसांत परतही घेतले. ब्राउझरमधली गाळणी चालेल, इतर ॲपमधल्या जाहिरातींना मात्र हात लावायचा नाही, अशी सीमा त्यातून दिसू लागली. 2017 मध्ये ॲपलनेही व्हीपीएनच्या मार्गाने जाहिराती गाळणाऱ्या ॲपांची अद्यतने नाकारली. 2019 मध्ये नियम बदलून मान्यताप्राप्त पुरवठादारांना ही वाट पुन्हा मोकळी झाली.