वैद्याचं नाव कोण मोठं करतं?

द्वारकेच्या चौकातली गर्दी पार करून वेळेवर आलात, म्हणजे विषयात रस असणार असं धरून चालतो.

आज वकील लिहितो, डॉक्टर लिहितो, आर्किटेक्ट लिहितो. आपल्या धंद्यातलं जे कळतं ते चार लोकांसमोर मांडायचं आणि त्यातून नाव व्हावं, माणसं आपल्याकडे यावीत, अशी त्यामागची अपेक्षा. ही रीत इंटरनेटनं आणली असं आपण समजतो. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका वैद्यानं हेच केलं, आणि त्याच्या कामाचा सर्वांत मोठा टप्पा आपल्या नाशकात पार पडला. त्यांचं नाव शंकर दाजीशास्त्री पदे. जन्म १८६७. नाशिककरांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

आधी तेव्हाच्या वैद्याची अवस्था पाहा. नाव होतं, पण पंचक्रोशीपुरतं. कुणाचा ताप उतरवला, कुणाचं पोट बरं केलं, हे तोंडोतोंडी जाई तेवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे हातगुण आणि घराण्याचा नुस्खा. नुस्खा बापानं मुलाला सांगायचा, एरवी कुणाला नाही. गुप्तता हेच भांडवल. तिकडे मुंबईत १८४५ सालापासून ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होतं. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टराच्या हातात कागद होता, शिक्का होता. तो अनोळखी गावात गेला तरी कागद त्याच्या वतीनं बोलायचा. वैद्याकडे असं काय होतं? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, सरकारनं घरोघरी तपासण्या सुरू केल्या, आणि सरकारच्या लेखी वैद्य म्हणजे जवळपास कुणीच नाही, हे उघडं पडलं.

पदेशास्त्र्यांनी यावर उपाय काढला तो छापखान्याचा. त्यांनी वैद्यकाची मासिकं चालवली, ग्रंथ लिहिले. ‘आर्यभिषक् अथवा हिंदुस्थानचा वैद्यराज’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत गाजलाच, गुजरातीत तर घराघरांत गेला. ‘वनौषधी गुणादर्श’ हा दुसरा. कुठली वनस्पती, तिचे गुण काय, कशावर कशी द्यायची, सगळं उघड. जे घराण्यानं पेटीत कुलूप लावून ठेवायचं, ते या माणसानं छापून विकलं!

यात तोटा नव्हता का? वरवर पाहिलं तर होता. पण गंमत बघा. कृती वाचून काढा करणारा माणूस अडला की कुणाकडे जाणार? ज्यानं कृती लिहिली त्याच्याकडे. शिवाय टपाल तोवर स्वस्त झालं होतं. १८७९ पासून पोस्टकार्ड पाव आण्याचं, आणि १८७७ पासून व्ही.पी.ची सोय, म्हणजे माल घरी आल्यावर पैसे द्यायचे. दूरच्या खेड्यातला वाचक पुस्तक मागवू शकत होता, औषध मागवू शकत होता. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ चा, म्हणजे तयार औषधांचा बाजारही उभा राहत होता.

इथे एक खटकणारी बाजू आहे आणि ती झाकायला नको. चांगलं लिहिणारा चांगला वैद्य असतोच असं नाही. त्याच काळातली मराठी वर्तमानपत्रं काढून पाहा, शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींनी पानं भरलेली. सगळेच ‘राजवैद्य’. वाचकानं खरा कोण ते कसं ओळखायचं? शेजाऱ्याचा अनुभव विचारता येत होता, छापील ओळीला काय विचारणार?

माझ्या मते पदेशास्त्र्यांचं मोठेपण इथेच आहे. लेखणीनं स्वतःचं नाव झालं, तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९०७ साली त्यांनी नाशिकला वैद्यांना एकत्र केलं आणि अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. नाशिकच का? तीर्थक्षेत्र, रेल्वेची सोय, उतरायला धर्मशाळा. देशभरच्या माणसाला हे गाव आधीपासून माहीत. संमेलनाच्या कामातूनच विद्यापीठाची, म्हणजे परीक्षा घेऊन पदवी देण्याची व्यवस्था उभी राहिली. एकट्याच्या मासिकानं जे नाव मिळायचं, ते आता परीक्षा दिलेल्या कुणालाही मिळू शकणार होतं. डॉक्टराच्या कागदाला वैद्याचा कागद.

पण १९०९ मध्ये, पुरती बेचाळीस-त्रेचाळीस वर्षंही हाती आली नाहीत तोच, ते गेले. तीन वर्षांनी, १९१२ मध्ये, मुंबई सरकारनं डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या नोंदवहीत पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांनाच जागा होती. वैद्यांची नोंद करणारा कायदा मुंबई प्रांतात यायला १९३८ उजाडलं.

आणि आज? आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे, म्हसरूळच्या बाजूला. राज्यातल्या आयुर्वेदाच्या बहुतेक पदव्या तिथून निघतात. द्वारकेहून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर.