रेणूच्या गळ्यातील घंटा

आमच्या सुप्याकडच्या माळावर मेंढपाळ कळपातील एखाद्याच मेंढीच्या गळ्यात घंटा बांधतो. अंधारात कळप दिसत नाही. पण तो चरतो आहे की बिथरला आहे, हे नादावरून त्याला बसल्या जागी उमगते. डीएनए आणि आरएनए यांच्या अभ्यासात रसायनशास्त्रज्ञांनी हीच युक्ती योजली. तिची हकिकत मोठी रंजक आहे.

१९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएचा दुपेडी पीळ जगापुढे मांडला, तो क्ष-किरणांच्या छायाचित्रांच्या आधारे. परंतु पाण्यात पोहणारा रेणू कोठे वाकतो, कोठे सैलावतो, हे स्थिर चित्रात कसे दिसावे?

इलेक्ट्रॉन हा चिमुकला चुंबकच. १९४४ साली कझान येथे झावोइस्की यांनी चुंबकीय क्षेत्रातील एकाकी इलेक्ट्रॉनांची साद प्रथम टिपली. अडचण अशी की, डीएनएतील सारे इलेक्ट्रॉन जोडीने नांदतात आणि म्हणून मुके असतात. (विवाहित वाचकांनी हसू नये!) तेव्हा घंटा बाहेरून बांधणे आले. १९६५ साली स्टॅनफर्डला ओनिशी व मॅकॉनेल यांनी एकाकी इलेक्ट्रॉन असलेला एका औषधाचा रेणू डीएनएत शिरवला. पुढे नायट्रॉक्साइड हा नत्र-प्राणवायूचा गट सर्वांनी पसंत केला. तो मोकळा हलत असला की आलेखावर तीन रेखीव शिखरे उमटतात. जखडला की ती पसरतात. दोन घंटा बांधल्या तर त्यांमधील अंतरही मोजता येते.

पण दोरी लांब असली तर हलली कोण, मेंढी की नुसती घंटा? ही शंका मला फार मोलाची वाटते, कारण साऱ्या मोजमापाची भिस्त तिच्या उत्तरावर आहे. ते उत्तर शोधले आइसलंड विद्यापीठातील सिगुर्डसन यांच्या प्रयोगशाळेने, आणि तेथील निबंधांवरची आडनावे वाचून मी चकितच झालो: बऱ्हाटे, शेळके, जगताप! २००७ च्या निबंधात, ज्याच्या लेखकांत बऱ्हाटे आहेत, दोरीच काढून टाकली आहे. नायट्रॉक्साइड थेट सायटोसिनसारख्या घटकात घट्ट सांधला आहे. २०१० साली शेळके व सिगुर्डसन यांनी डीएनएतील एक जागा रिकामी ठेवून घंटा तेथे आपोआप जाऊन बसेल, अशी सोय केली.

सजीव पेशीत मात्र ती लवकर मुकी होते. तेथील द्रव्ये नायट्रॉक्साइडला इलेक्ट्रॉन देऊन त्या एकाकी इलेक्ट्रॉनाची जोडी जुळवून टाकतात. त्याच्याभोवती मिथिलऐवजी थोराड एथिल गटांचे कुंपण घातले की तो अधिक काळ टिकतो, हे २०१५ साली जगताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.