दिनोपचाराची पूर्वपीठिका : करमाडच्या निमित्ताने

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) जालन्याकडे निघाले असता करमाड लागते. मद्यासक्ती व मनोविकार या दोहोंनी ग्रासलेल्या तेथील मनुष्याने सकाळी उपचारास जावे व सायंकाळी घरी परतावे, ही कल्पना आज सहज सुचते. ती सुचण्यास इतका काळ का लागला, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१९४८ पर्यंत करमाड निजामाच्या राज्यात होते. तेथे मद्य हा अबकारीचा, म्हणजे उत्पन्नाचा विषय. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्ह्याचा विषय झाला. मराठवाडा त्या राज्यात १९५६ साली आला. वेडाचे दप्तर निराळे. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ चा कायदा वेड्यास कोठे ठेवावे व त्याच्या मालमत्तेचे काय करावे, हेच मुख्यतः पाही. मद्यपी व भ्रमिष्ट एकाच देहात नांदतात, हे घरच्यांस ठाऊक होते, दप्तरांस नव्हते. १९८७ च्या कायद्यातही व्यसनाधीनांकरिता वेगळ्या रुग्णालयांचीच तरतूद दिसते. मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत स्पष्टपणे आल्या त्या २०१७ च्या कायद्याने.

वस्तुतः हे दोन विकार वेगळे काढणेच कठीण. दारू एकाएकी सुटली की काहींस दोन-तीन दिवसांत भास होतात. ते वेड नव्हे, पण जिवावर बेतू शकते, म्हणून त्या अवस्थेत रुग्णालयच हवे. उलट खरे औदासीन्य दारूच्या आड दडते, आणि ते ओळखण्यास कित्येक आठवडे थांबावे लागते. ही प्रतीक्षाच दिनोपचाराचे क्षेत्र होय.

दिवसाची रुग्णालये प्रथम मॉस्कोत १९३० नंतर निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर माँट्रियल व लंडन येथे. महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या अर्थसाह्याने ‘मुक्तांगण’ काढले. ते निवासी, दिनोपचाराचे नव्हे. परंतु ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात निघाले, हा केवळ जागेचा योग आम्हांस वाटत नाही. संस्थापिका तेथल्याच मनोविकारतज्ज्ञ होत्या.

करमाडच्या रोजंदारी मजुराची अडचण मात्र कायद्याने सुटत नाही. खाट वाचते ती रुग्णालयाची. मजुरी बुडते ती त्याची. १९५७ पासून मुंबईत सुरू झालेल्या अल्कोहॉलिक्स अनॉनिमसच्या सभा बहुधा सायंकाळी, कामानंतर भरतात. तेथे मनोविकारतज्ज्ञ नसतो.