विवाहाचा अपराध

शिस्तीवांचून कोणतेंहि मोठें काम उभें राहत नाहीं. कचेरी असो, कारखाना असो किंवा सैन्य असो, जेथें अनेकांनीं मिळून एक कार्य सिद्धीस न्यावयाचें असतें, तेथें नियम हवेत आणि नियम मोडणारास दंडहि हवा. वेळेवर न येणें, वरिष्ठांची आज्ञा न मानणें, पैशाची अफरातफर करणें, हे अपराध सर्व देशांत अपराधच मानले जातात. आणि तो करणारा पुरुष आहे कीं स्त्री, हा प्रश्न तेथें उत्पन्न होऊं नये. परंतु नोकरीच्या नियमांचा गेल्या सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. एकच कृत्य पुरुषानें केलें तर त्याचे सोबती त्याच्याकडे पेढे मागत, आणि तेंच कृत्य स्त्रीनें केलें तर तिच्या हातीं बडतर्फीचा कागद पडे. तें कृत्य म्हणजे विवाह!

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टपालखात्यानें आणि मागून इतर सरकारी खात्यांनीं स्त्रियांना कारकुनीच्या जागा देण्यास आरंभ केला. पण त्या जागांबरोबर एक अटहि आली. विवाह झाला कीं जागा सोडावी! १९१९ सालीं तेथील पार्लमेंटनें कायदा करून, स्त्रीत्वामुळें अथवा विवाहामुळें कोणीहि सार्वजनिक कामास अपात्र ठरूं नये, असें जाहीर केलें. तथापि कायदा पुस्तकांत राहिला आणि अट कचेरींत राहिली. १९२३ सालीं वेल्समधील ऱ्होंडा येथील विवाहित शिक्षिकांना कामावरून दूर करण्यांत आलें, तेव्हां त्या न्यायालयांत गेल्या आणि हरल्या. ज्या नभोवाणीनें जगाला नवयुगाची वाणी ऐकविली, त्या बी. बी. सी. संस्थेनेंहि १९३२ सालीं हाच निर्बंध घातला आणि तो १९४४ पर्यंत चालविला. त्याच १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें शिक्षिकांची सुटका झाली. १९४६ सालीं इतर सरकारी नोकरींतील स्त्रियांची झाली. परराष्ट्रखात्यांतील स्त्रियांना मात्र १९७३ पर्यंत वाट पाहावी लागली.

या नियमाच्या समर्थनार्थ जीं कारणें सांगितलीं जात, तीं वरवर पाहतां सौम्य वाटतात. विवाहित स्त्रीला पोसण्यास तिचा पति समर्थ आहे. एका घरांत दोन पगार आणि दुसऱ्या घरांत एकहि नाहीं, हा अन्याय होय. तिचें चित्त घराकडे ओढलें जाणार, मग कामांत शिस्त कशी राहणार? परंतु या सौम्य कारणांच्या मागें एक हिशेबहि होता. जी स्त्री पंचविशीच्या आंतच काम सोडून जाते, ती वरच्या पगाराला कधीं पोंचत नाहीं आणि पेन्शनहि मागत नाहीं. नव्या मुली स्वस्तांत मिळत राहतात. ज्याला शिस्त म्हटलें जाई, त्यांत काटकसरीचा भाग पुष्कळ होता.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. कामगार स्त्रियांच्या प्रश्नांत मुंबई इलाखा मागें नव्हता, हें अभिमानानें सांगतां येतें. प्रसूतीच्या काळीं स्त्री-कामगारास साहाय्य मिळावें म्हणून ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत आणलेलें बिल फेटाळलें गेलें. तरी १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत तसाच प्रश्न निघाला तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ सालीं या देशांतील असा पहिला कायदा मुंबईनें केला. मातृत्व हा अपराध नसून समाजाचें कार्य आहे, हें तत्त्व येथें प्रथम मान्य झालें.

अशा या मुंबईंतच, स्वराज्य मिळून दीड तप लोटल्यावरहि, एका औषधी कारखान्यांत असा नियम होता कीं, माल भरण्याच्या आणि चिठ्ठ्या चिकटविण्याच्या खात्यांत फक्त अविवाहित मुली ठेवाव्या, आणि एखादीचा विवाह झाला कीं तिची नोकरी आपोआप संपावी. कामांत चूक नाहीं, गैरहजेरी नाहीं, उद्धटपणा नाहीं. केवळ गळ्यांत मंगळसूत्र पडलें म्हणून काम गेलें! बॉम्बे लेबर युनियन या संघानें हा नियम काढून टाकावा अशी मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणानें ती नाकारली, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि १९६५ सालीं त्याचा निकाल लागला.

मालकपक्षाचें म्हणणें असें कीं, या खात्यांत मुली गटागटानें काम करतात; एक न आली तर साऱ्या गटाचें काम अडतें; आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात. न्यायालयास हें पटलें नाहीं. विधवांना हा नियम लागू नव्हता. मग मुलांबाळांमुळें गैरहजेरी होते असें म्हणावें, तर मुलें विधवेलाहि असूं शकतात! शिवाय अविवाहित मुलगीहि आजारी पडते. प्रसूतीच्या रजेमुळें अडचण होत असेल, तर थोड्या जादा स्त्रिया राखीव ठेवून ती भागवितां येते. अशा साध्या विचारसरणीनें न्यायालयानें तो नियम रद्द केला. गैरहजेरी हा दोष असेल तर गैरहजेरीस दंड करावा. विवाहास कां, एवढाच तो विचार होता.

कोणी म्हणेल, कारखान्याच्या धन्याला एवढी दूरदृष्टि कोठून असणार? पण ज्या सरकारनें घटनेंत समतेचें वचन दिलें, त्या सरकारच्याच एका अत्यंत प्रतिष्ठित सेवेंत काय चाललें होतें, तें पाहावें. कूर्ग प्रांतांतील सी. बी. मुथम्मा या १९४९ सालीं भारतीय परराष्ट्र सेवेंत दाखल झाल्या. त्या सेवेंतील त्या पहिल्या स्त्री होत. प्रवेशाच्या वेळींच, विवाह केल्यास राजीनामा देईन, असें त्यांच्याकडून लिहून घेण्यांत आलें. पुढें १९६१ सालच्या नियमांनीं या प्रथेला छापील रूप दिलें. परराष्ट्र सेवेंतील स्त्रीनें विवाहापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि तिच्या घरगुती जबाबदाऱ्या कर्तव्याच्या आड येतील असें सरकारला वाटल्यास विवाहानंतर केव्हांहि तिला राजीनामा द्यावयास सांगतां यावें. नियमावलीचें नांवच आचरण व शिस्त यांविषयींचें होतें! पुरुष अधिकाऱ्याच्या घरगुती जबाबदाऱ्यांचा उल्लेख त्यांत नव्हता. जणूं पुरुषाला घरच नसतें.

मुथम्मा अविवाहित राहिल्या. १९७० सालीं त्या हंगेरींत राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेंतून राजदूतपदास पोंचलेल्या त्या पहिल्या स्त्री. पण पुढील बढतीच्या वेळीं त्यांना डावलण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. प्रकरण चालूं असतांनाच सरकारनें त्यांना बढती दिली, आणि जाचक नियम गेलेले आहेत वा जाण्याच्या मार्गावर आहेत, असें न्यायालयास सांगितलें. १९७९ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं अर्ज निकालांत काढला. परंतु तसें करतांना या नियमांतील स्त्रीद्वेषावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि सर्वच सेवानियम तपासून त्यांवरील हा डाग पुसून टाकावा, असें सरकारास बजावलें.

तरीहि वाट सरळ झाली नाहीं. १९८१ सालीं एअर इंडियाच्या विमानसेविकांचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. एकाच विमानांत काम करणाऱ्या पुरुष पर्सरला ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी, आणि विमानसेविकेला मात्र ३५ व्या वर्षीं निवृत्ति. चार वर्षांच्या आंत विवाह केला तर त्याच वेळीं, आणि पहिलें गर्भारपण आलें तर त्याच वेळीं! न्यायालयानें गर्भारपणाचें कलम स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हणून रद्द केलें. पण दोघांचे वर्ग वेगळे आहेत असें मानून चार वर्षांची विवाहबंदी कायम ठेवली. न्याय मिळाला, पण अर्धा.

आणि सैन्यांतील परिचारिकांच्या सेवेंत १९८८ सालीं एका लेफ्टनंट स्त्रीला विवाहामुळें सेवेंतून कमी करण्यांत आलें. ज्या नियमाखालीं हें झालें तो नियम १९९५ सालीं मागें घेण्यांत आला. परंतु तिला अखेरचा न्याय मिळण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. सर्वोच्च न्यायालयानें तो नियम मनमानीचा ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई देवविली. मधलीं ३६ वर्षें मात्र कोणतेंहि न्यायालय परत देऊं शकत नाहीं. परिचारिकेची उमेद, हातचें कौशल्य, वरच्या पदाची आशा, यांचा हिशेब रुपयांत होत नसतो.

या सर्व इतिहासांतून एक साधी कसोटी हातीं लागते. नोकरीचा कोणताहि नियम घ्यावा, त्यांतील स्त्री हा शब्द खोडून तेथें पुरुष हा शब्द लिहावा, आणि मग तो मोठ्यानें वाचावा. विवाह करणाऱ्या पुरुष अधिकाऱ्यानें सरकारची परवानगी घ्यावी. बाप होतांच पर्सरनें नोकरी सोडावी! ऐकणाऱ्यास हसूं आलें, तर तो नियम शिस्तीचा नव्हे, पूर्वग्रहाचा आहे, असें खुशाल समजावें. अशा नियमानें कामाची शिस्त वाढत नाहीं. उलट, दंड अपराधाला नसून माणसाला आहे असें एकदां दिसलें, कीं खऱ्या नियमांविषयींचाहि आदर उणा होतो. जो तराजू सर्वांना सारखा तोलतो, त्याच्यावरच बाजाराचा विश्वास बसतो. शिस्तीचीहि गोष्ट तीच आहे.