थेट नावे-वसुली व परताव्याचा हक्क

थेट नावे-वसुली (डायरेक्ट डेबिट) : खातेदाराने एकदा दिलेल्या अधिकारपत्राच्या आधारे येणेकऱ्याने खातेदाराच्या बँकेकडून वेळोवेळी रक्कम परस्पर वसूल करून घेण्याची पद्धती. विम्याचे हप्ते, वीज, पाणी, दूरध्वनी इत्यादींची देयके, कर्जाचे हप्ते, संस्थांच्या वर्गण्या यांसारख्या पुनरावर्ती देण्यांसाठी ती वापरतात. धनादेश किंवा स्थायी आदेश यांत रक्कम देण्याची आज्ञा खातेदाराकडून निघते. थेट वसुलीत मागणी येणेकऱ्याकडून निघते व खातेदाराची बँक ती पुरी करते. रक्कम आणि तारीख ठरविण्याचा पुढाकारही बहुधा येणेकऱ्याकडेच असतो. या उलट क्रमामुळे अधिकारपत्र नसताना, ते रद्द झाल्यावर किंवा ठरल्याहून अधिक रकमेची वसुली होण्याचा संभव निर्माण होतो. अशा वसुलीची रक्कम खातेदारास परत मिळण्याचा हक्क हा या पद्धतीचा आधार असून त्याचा इतिहास म्हणजे चुकीचा भार आणि पुराव्याचा भार खातेदाराकडून बँकेकडे सरकत गेल्याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : या हक्काचे मूळ धनादेशाच्या कायद्यात आहे. इंग्लिश विधीनुसार बँक ही ठेवीपुरती खातेदाराची ऋणको असते आणि त्याच्या आज्ञेशिवाय त्याच्या खात्यावर रक्कम नावे टाकण्याचा तिला अधिकार नसतो. बनावट सही ही आज्ञाच नव्हे; म्हणून तशा धनादेशावर दिलेली रक्कम बँकेने स्वतःच्या पदरची दिली, असे मानले जाते. या तत्त्वास काही अपवाद न्यायालयांनी मान्य केले. ‘यंग विरुद्ध ग्रोट’ (१८२७) या खटल्यात आणि पुढे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकालात काढलेल्या ‘लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन’ (१९१८) या खटल्यात, खातेदाराने धनादेश निष्काळजीपणे लिहून रक्कम वाढविण्यास वाव ठेवल्यास तोटा त्याचा, असे ठरले. ‘ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक’ (१९३३) या खटल्यात पत्नीने केलेल्या बनावट सह्या ठाऊक असूनही पती मौन राहिला, म्हणून त्याचा दावा फेटाळण्यात आला. तथापि खातेदाराने बँकेकडून आलेले उतारे तपासलेच पाहिजेत, असे कर्तव्य त्याच्यावर लादण्यास न्यायालये तयार झाली नाहीत. हाँगकाँगमधील ताय हिंग कॉटन मिलच्या हिशेबनिसाने सु. ३०० धनादेशांवर बनावट सह्या केल्या होत्या. त्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९८५ मध्ये तोट्याचा भार बँकांवर टाकला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ (१९८७) या खटल्यात हेच मत स्वीकारले. त्यातील ४२ धनादेश बनावट होते आणि कंपनीने उतारे वेळीच तपासले नाहीत, हा बँकेचा बचाव मान्य झाला नाही.

उदय : ब्रिटनमध्ये थेट वसुलीचा प्रारंभ १९६४ मध्ये झाला. युनिलिव्हर कंपनीत काम करणारे ॲलॅस्टर हँटन (१९२६–२०२१) यांना या कल्पनेचे श्रेय देण्यात येते. येणी अधिक कार्यक्षमतेने वसूल करणे, हा तिचा हेतू होता. प्रारंभी वसुलीचे कागद बँकांमधून हाताने फिरत. १९६८ मध्ये बँकांनी आंतरबँक संगणक केंद्र स्थापन केले आणि १९७१ मध्ये त्याचे ‘बँकर्स ऑटोमेटेड क्लिअरिंग सर्व्हिसेस’ (बॅक्स) या कंपनीत रूपांतर झाले. आता वसुलीच्या सूचना चुंबकीय फितींवरून येऊ लागल्या आणि एकाच वेळी हजारो खात्यांवर रकमा नावे पडू लागल्या.

या यांत्रिकीकरणाचा विधिदृष्ट्या महत्त्वाचा परिणाम असा, की धनादेश वटविताना सही ताडून पाहण्याची जी पायरी होती, ती लोप पावली. प्रत्येक वसुलीच्या वेळी बँकेपुढे खातेदाराची सही येत नाही. येतात ते केवळ खात्याचा क्रमांक, शाखेचा संकेतांक आणि रक्कम. पुढे अधिकारपत्रेही संगणकाद्वारे नोंदविली जाऊ लागली आणि दूरध्वनीवरून दिलेली संमतीही पुरेशी मानण्यात येऊ लागली. खरी संमती आहे किंवा नाही, याची शहानिशा मुख्यतः येणेकऱ्याच्या हाती गेली. पूर्वी चूक घडण्याआधीच ती अडविण्याची जी व्यवस्था होती, तिची जागा चूक घडल्यावर ती निस्तरण्याच्या व्यवस्थेने घेतली.

हमीची रचना : ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटिश बँकांनी दोन गोष्टींची जोड दिली. थेट वसुली करू इच्छिणाऱ्या संस्थेला एखाद्या बँकेने पुरस्कृत करावे लागते आणि तिच्या वसुलीमुळे कोणत्याही बँकेस तोटा आल्यास तो भरून देण्याचे क्षतिपूर्तिपत्र त्या संस्थेस लिहून द्यावे लागते. या क्षतिपूर्तीच्या बळावर बँका खातेदारास ‘थेट वसुली हमी’ देतात. तीनुसार रक्कम, तारीख किंवा वारंवारता बदलावयाची असल्यास संस्थेने खातेदारास सामान्यतः १० कामकाजाचे दिवस अगोदर सूचना द्यावी. संस्थेकडून वा बँकेकडून चूक झाल्यास खातेदाराच्या बँकेने संपूर्ण रक्कम ताबडतोब परत करावी. आणि खातेदारास बँकेला कळवून वसुली केव्हाही रद्द करता यावी, अशी तरतूद आहे.

या रचनेतील मर्म परताव्याच्या क्रमात आहे. ज्याने रक्कम उचलली त्याच्यामागे खातेदारास धावावे लागत नाही. तो आपल्याच बँकेकडे जातो. बँक प्रथम रक्कम जमा करते व नंतर क्षतिपूर्तिपत्रानुसार ती संस्थेकडून वसूल करते. वाद उरलाच, तर तो संस्थेने खातेदाराविरुद्ध चालवावयाचा असतो. मधल्या काळात पैसा कोणाच्या हाती राहावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी महिन्याच्या पगारावर घरभाडे व हप्ते भागविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तोच निर्णायक असतो. एका अनधिकृत वसुलीने खाते रिकामे झाल्यास त्यामागून येणारी रास्त देणी परत जातात आणि त्यांवर दंडही बसतो.

कसोटी : या व्यवस्थेचे सामर्थ्य व मर्यादा यांचे बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये २००८ च्या प्रारंभी घडले. ब्रिटिश महसूल खात्याकडून बालक-भत्त्याच्या नोंदी असलेल्या दोन तबकड्या गहाळ झाल्याचे नोव्हेंबर २००७ मध्ये जाहीर झाले होते. तीत सु. अडीच कोटी लोकांची माहिती होती आणि अनेकांच्या बँकखात्यांचे तपशीलही होते. दूरचित्रवाणीवरील निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी ‘द सन’ या वृत्तपत्रातील आपल्या सदरात ही भीती अनाठायी असल्याचे सांगून स्वतःच्या खात्याचा क्रमांक छापला. खाते-क्रमांकाने फार तर कोणी पैसे जमा करील, काढू शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लवकरच कोणा अज्ञात व्यक्तीने त्यांच्या खात्यावरून ‘डायबिटीज यूके’ या धर्मादाय संस्थेच्या नावे ५०० पौंडांची थेट वसुली लावून दिली. आपली चूक झाल्याचे क्लार्कसन यांनी जाहीरपणे मान्य केले. खाते-क्रमांक हे गुपित नसते. तो प्रत्येक धनादेशावर छापलेला असतो. म्हणून या पद्धतीत खातेदाराचे संरक्षण क्रमांकाच्या गुप्ततेवर नव्हे, तर उतारा पाहून तक्रार करण्यावर आणि परताव्याच्या हमीवर अवलंबून असते, हे या प्रसंगाने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

विधिनियमन : ब्रिटिश हमी ही मुळात बँकांची आपसांतील व्यवस्था होती. अन्य देशांत हा हक्क कायद्याच्या मार्गाने आला. अमेरिकेच्या १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण अधिनियमाने व्यवहार अधिकृत होता हे सिद्ध करण्याचा भार वित्तसंस्थेवर टाकला. उतारा पाठविल्यापासून ६० दिवसांत चूक कळविण्याची मुभा खातेदारास मिळाली. चौकशी लांबल्यास बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी, असाही नियम झाला. जर्मनीत प्रचलित असलेल्या एका वसुलीप्रकारात अधिकार केवळ येणेकऱ्यास दिलेला असे, बँकेस नव्हे. त्यामुळे खातेदाराने मागाहून मान्यता देईपर्यंत ती वसुली अनधिकृतच होय, असे तेथील न्यायालयांनी दीर्घकाळ मानले.

यूरोपीय संघाच्या २००७ च्या देयसेवा-निर्देशाने या निरनिराळ्या परंपरा एका सूत्रात आणल्या. त्याने दोन हक्कांत भेद केला. वसुली अधिकृत असली, तरी अधिकारपत्रात नेमकी रक्कम नमूद नसेल व वसूल झालेली रक्कम वाजवी अपेक्षेहून जास्त असेल, तर आठ आठवड्यांत परतावा मागता येतो. वसुली मुळातच अनधिकृत असेल, तर १३ महिन्यांपर्यंत तक्रार करता येते. नोव्हेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेपा’ या यूरोपीय थेट वसुली योजनेत आठ आठवड्यांच्या मुदतीत कारण न देताही परतावा मिळू लागला. ब्रिटनमध्ये या तरतुदी १ नोव्हेंबर २००९ पासून अंमलात आल्या. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या विनियमांनी बँकेने अनधिकृत व्यवहाराची रक्कम, तो कळल्यानंतरच्या कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत परत करावी, असे बंधन घातले. बँकांच्या मूळ हमीत मात्र तक्रारीस कालमर्यादा नव्हती. त्यामुळे कायदा झाल्यानंतरही खातेदारास तिचे महत्त्व राहिले.

भारत : भारतात रिझर्व्ह बँकेने १९९० नंतरच्या दशकात ‘इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सेवा’ (ईसीएस) सुरू केली. तीमधील नावे-शाखेने वीजदेयके व कर्जहप्ते यांची वसुली होऊ लागली. २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या संस्थेच्या ‘नॅच’ यंत्रणेने पुढे तिची जागा घेतली. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील खातेदाराचे दायित्व मर्यादित केले. दोष बँकेचा असल्यास खातेदाराचे दायित्व शून्य ठरले. दोष बँकेचा वा खातेदाराचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असल्यास, तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्यास संपूर्ण संरक्षण मिळाले. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकारानुसार ५,०००, १०,००० किंवा २५,००० रुपयांची कमाल मर्यादा ठरली. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू करण्यात आले. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे, ९० दिवसांत तक्रार निकालात काढणे आणि पुराव्याचा भार बँकेने उचलणे, ही बंधने त्यात होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही असेच आदेश निघाले. नागरी सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या महाराष्ट्रात त्यांना विशेष महत्त्व होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड व तत्सम साधनांवरील पुनरावर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना देणे सक्तीचे झाले.

मर्यादा : परतावा मिळाला म्हणजे मूळ देणे फिटले, असे नव्हे. बँक केवळ अधिकाराचा प्रश्न पाहते; सेवा वाईट होती, माल सदोष होता किंवा करार संपला होता की नाही, हे वाद येणेकरी व देणेकरी यांच्यातच सुटावे लागतात. हक्क नसताना परतावा घेतल्यास तो परत करावा लागतो. तसेच बँकेतील अधिकारपत्र रद्द केल्याने मूळ करार आपोआप रद्द होत नाही. म्हणून खातेदाराने बँक व संस्था या दोहोंस लेखी कळविणे इष्ट असते. भारतात खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेल्यास २००७ च्या देय व समझोता प्रणाली अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार दोन वर्षांपर्यंत कारावासाची वा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची शिक्षा होऊ शकते. त्यामुळे संशयास्पद वसुली टाळण्यासाठी खाते रिकामे ठेवण्याचा उपाय धोक्याचा ठरतो. सर्व देशांतील नियमांत मुदतीची गणना भिन्न असली, तरी खातेदाराने चूक दिसताच कळवावे आणि कळविल्यानंतरचा भार बँकेने उचलावा, हे सूत्र समान आहे. येणेकऱ्याच्या हाती वसुलीचा पुढाकार सोपविणाऱ्या पद्धतीवर सामान्य खातेदाराचा विश्वास बसला, तो याच सूत्रामुळे.