पाणबुड्यांचे माहेर

आमच्या कर्जतचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ‘काही नाही’ हेच सरळ उत्तर द्यावे लागेल. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना कर्जत म्हटले की घाटाच्या पायथ्याचे स्टेशन आणि तेथला बटाटेवडा आठवतो. ते कर्जत निराळे. आमचे नगर जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. गावात रेल्वे नाही. ग्रामदैवत गोदड महाराज, पलीकडे राशीनची देवी, भीमेच्या काठी सिद्धटेकचा गणपती, रेहेकुरीच्या माळावर काळवीट, आणि बाकी मैलोगणती ज्वारीची जमीन, तीही पावसाच्या मर्जीवर. लष्कराशी जिल्ह्याचे नाते आहे, पण ते रणगाड्यांचे. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र १९४८ सालीच नगरला आले. त्यामुळे आमच्याकडच्या पोराला रणगाडा ओळखीचा आणि जहाज मात्र पुस्तकातले.

असे असूनही या तालुक्यात दोन म्हातारे असे आहेत की रीगा या शब्दाने त्यांचे डोळे लकाकतात. दोघेही नौदलातून निवृत्त, दोघेही पाणबुडीवरचे. एकाला गाव आबा म्हणते, दुसऱ्याला तात्या. खरी नावे छापायची नाहीत ही त्यांचीच अट, आणि ती मी पाळतो. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण रीगा शहराचे नाव मुलांना कधी सांगण्याचा प्रसंग आला नाही. ते या दोघांनी मला सांगितले. सासुरवाशीण माहेरचे सांगते तसे सांगितले, म्हणजे तेथला पाऊसही गोड आणि तेथली थंडीही गोड.

माहेर हा शब्द मी उगाच वापरीत नाही. आपल्या नौदलाच्या पाणबुड्यांचा जन्मच मुळी तेथला आहे. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे आपल्याकडे एकही पाणबुडी नव्हती. १९६२च्या सुमारास काही निवडक अधिकारी इंग्लंडला गॉसपोर्ट येथील ‘डॉल्फिन’ या तळावर शिकायला गेले. तेथे शंभर फूट खोल पाण्याचा एक उभा मनोरा होता. बुडालेल्या बोटीतून जिवंत वर कसे यायचे ते त्यात शिकवीत. विद्या मिळाली, पण बोट मिळेना. नव्या बोटी परवडतील अशा अटींवर द्यायला ब्रिटन तयार नव्हते. इकडे पाकिस्तानला अमेरिकेकडून १९६४ साली ‘गाझी’ मिळून चुकली होती. शेवटी सप्टेंबर १९६५मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला. त्यात चार पाणबुड्या होत्या.

या बोटींसाठी निवडलेले खलाशी प्रथम गेले ते व्लादिवोस्तोकला, म्हणजे रशियाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. ते शहर त्या काळी परदेशी माणसाला बंद होते. तेथे त्यांनी आधी भाषा शिकली आणि मग यंत्रे. बोटी बांधल्या लेनिनग्राडला, आणि ताब्यात मिळाल्या रीगाला. ८ डिसेंबर १९६७ रोजी कमांडर सुब्रमण्यम यांच्या हाताखाली ‘कलवरी’वर तेथे तिरंगा चढला. तो दिवस आपले नौदल अजून ‘पाणबुडी दिन’ म्हणून पाळते. त्यामागोमाग ६ डिसेंबर १९६८ला ‘खांदेरी’, ४ सप्टेंबर १९६९ला ‘करंज’ आणि १८ डिसेंबर १९६९ला ‘कुरसुरा’. ‘करंज’चे पहिले कप्तान मोहन नारायण सामंत हे आपले मराठी. पुढे १९७१च्या युद्धात मुक्तिवाहिनीच्या नौकायुद्धाची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि मोंगला-खुलनाच्या स्वारीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले.

‘खांदेरी’ या नावापाशी मी जरा थांबणार. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर, अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर तटबंदी घालायला सुरुवात केली. मायनाक भंडारी बेटावर दगड रचीत होता, दौलतखान आरमार घेऊन त्याला रसद पुरवीत होता, आणि इंग्रज नि सिद्दी दोघे मिळून ते काम बंद पाडू पाहत होते. ऑक्टोबरात मोठी लढत झाली. इंग्रजांची मोठी लढाऊ जहाजे होती. आपली गलबते लहान, उथळ, वल्ह्यांवर चालणारी. तरी बेट काही सुटले नाही आणि १६८०च्या आरंभी इंग्रज मागे सरले. त्या बेटाचे नाव धारण केलेली पाणबुडी बाल्टिक समुद्राच्या गोठत्या पाण्यात उभी राहिली! मी आबांना विचारले, “रशियनांना या नावाचा अर्थ सांगितलात का?” ते म्हणाले, “गुरुजी, आधी त्यांना ‘ख’ म्हणता येईना. अर्थ कुठला सांगता?”

रीगा हे दौगावा नदीच्या काठचे शहर. नदी जेथे समुद्राला मिळते तेथे बोल्डेराया नावाची वस्ती आहे आणि तेथेच सोव्हिएत पाणबुड्यांचा तळ होता. डिसेंबरात सात ताससुद्धा उजेड नाही, आणि जूनमध्ये रात्र अशी नावालाच. आबा १९६९मध्ये ‘करंज’साठी गेले. त्यांचे वर्णन ऐकण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी जेवायला काळा पाव आला, राईचा, जड आणि आंबूस. “करपलेल्या भाकरीवर ताक सांडलं तर जशी लागेल तसा! पहिले आठ दिवस नको वाटला. नववा दिवस उजाडला अन् त्याच्याबिगर जेवण जाईना.” शहराच्या मोठ्या बाजाराचे त्यांना फार कौतुक. जर्मनांच्या झेपलिन विमानांसाठी उभारलेल्या प्रचंड गोदामांची छपरे आणून १९३०च्या सुमारास तो बाजार बांधला आहे. राशीनच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाने छताखाली मासळी, लोणी, मध आणि लोणच्याची काकडी यांचे ढीग पाहिले, तेव्हा त्याची छाती दडपली.

बोटीची हकीकत याहून निराळी. लांबी ९१ मीटर, पण आत माणसाने वावरायची वाट बोळकांडीएवढी. पाऊणशे माणसे, २२ टॉर्पेडो, तीन डिझेल यंत्रे आणि सगळीकडे तेलाचा वास. झोपायचे ते टॉर्पेडोच्या शेजारी, आणि एकाच बिछान्यावर पाळीपाळीने. एक उठला की त्याच्या ऊबेत दुसरा पडे. बॅटऱ्या भरण्यासाठी बोट रात्री पाण्याच्या पृष्ठभागालगत येई आणि नळी वर काढून श्वास घेई. गोडे पाणी मोजून मिळे. “हिरव्यागार मुलखातली पोरं त्यापायी कासावीस व्हायची,” आबा सांगतात. “मला काय त्याचं? तांब्याभर पाण्यात अंघोळ करून वर उरलेलं तुळशीला घालणारा माणूस मी.” दुष्काळी तालुक्याच्या उपयोगाची अशी पावती मी दुसरीकडे कोठे ऐकली नाही.

दिवाळीही त्यांनी त्याच तळावर काढली. फराळ कोठला? कोणी रव्याचा शिरा केला, कोणी मेणबत्त्या आणल्या, आणि खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होते. शिकवणारे रशियन मिचमन, म्हणजे आपल्याकडचे हवालदार-सुभेदार म्हणा, तेही येऊन बसले. त्यांतल्या कित्येकांनी हिटलरच्या युद्धात बोटी चालविल्या होत्या. शिकविताना कठोर, चूक झाली की गरजणारे. आणि संध्याकाळी मुलाबाळांचे फोटो काढून दाखविणारे. आबांना एका मिचमनने निरोपाच्या वेळी स्वतःचा पाना दिला. तो अजून त्यांच्या घरी आहे. विहिरीवरच्या इंजिनाला काही झाले तर आबा तोच काढतात.

परतीचा प्रवासही सोपा नव्हता. १९६७च्या जून महिन्यात इस्रायल-अरब युद्ध झाले आणि सुएझचा कालवा आठ वर्षे बंद पडला. त्यामुळे ‘कलवरी’ने १८ एप्रिल १९६८ला रीगा सोडले ते साऱ्या आफ्रिकेला वळसा घालून जुलैत विशाखापट्टणमला पोहोचण्यासाठी. मागाहून आलेल्या तिघींनीही तीच वाट धरली. वास्को द गामाची वाट! फरक इतकाच की या वेळी जहाजावर नारळ फोडणारी माणसे होती.

तात्या गेले ते फार पुढे. १९८६ साली ‘सिंधुघोष’ रीगालाच आपल्या ताब्यात आली, आणि पुढल्या काही वर्षांत तिच्या बहिणीही. तात्यांचे रीगा आबांच्या रीगापेक्षा जरा वेगळे आहे. त्यांना रशियन चांगले येत असे. पण एखाद्या दुकानात रशियनमध्ये विचारले की बाई ऐकून न ऐकल्यासारखे करी, आणि हा हिंदुस्थानचा पोरगा आहे हे कळले की हसून वस्तू पुढे करी. त्या बाईची भाषा लाटवियन. तात्या गंमत म्हणून तिच्याकडून आकडे शिकले: दिवि, त्रीस, चेत्री, पिएत्सि. द्वि, त्रि, चत्वारि, पंच म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते आकडे परके वाटले नसते. त्या भाषेत देवाला ‘दिएव्स’ म्हणतात आणि विस्तवाला ‘उगुन्स’. इतक्या दूरच्या चुलत घराण्यात आपण पाहुणे होतो आणि बोलत मात्र होतो घरमालकाच्या डोक्यावर बसलेल्याची भाषा. हे वाक्य माझे आहे, तात्यांचे नव्हे; तात्यांना ते आवडलेले नाही.

कारण इतिहास असा आहे. लाटविया १९१८ साली स्वतंत्र झाला होता. १९४० साली सोव्हिएत फौजा आत आल्या, मग जर्मन आले, मग १९४४पासून पुन्हा सोव्हिएत. १९४९च्या एका मार्च महिन्यात चाळीस हजारांवर माणसे, म्हातारीकोतारी आणि पोरेबाळे धरून, गाड्यांत कोंडून सायबेरियाकडे रवाना झाली. रीगाच्या मध्यभागी १९३५ साली उभारलेले एक उंच स्मारक आहे. वर तीन तारे उचलून धरलेली स्त्री. सोव्हिएत अमलात तिच्या पायाशी फुले ठेवणे हा गुन्हा होता. १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि ३१ ऑगस्ट १९९४ हा रशियन सैन्याने तो देश सोडण्याचा मुदतीचा दिवस ठरला. बोल्डेरायाचा पाणबुडी तळ त्यातच संपला. रीगाकरांनी त्याबद्दल अश्रू ढाळले असतील असे मला वाटत नाही.

मग ज्या तळाला तेथली माणसे जुलमाचे ठाणे समजत, त्याच्या गोड आठवणी आमच्या आबांनी काढाव्यात की नाही? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. मी त्याचा विचार आमच्या जिल्ह्यावरून करतो. नगरच्या छावणीत कित्येक गोरे सोल्जर राहून गेले. विलायतेत म्हातारपणी त्यांनाही नगरची कोवळी उन्हे आठवली असतील, बाजारातला पेरू आठवला असेल, एखादा प्रेमळ खानसामा आठवला असेल. त्या आठवणी खोट्या का म्हणाव्यात? पण त्याच नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२पासून नेहरू, पटेल, आझाद यांना कोंडून ठेवले होते, आणि आपल्याला नगरचा किल्ला म्हटले की तेच आठवते. सोल्जराने पेरूची आठवण खुशाल काढावी. किल्ल्याची गोष्ट निघाली म्हणजे मात्र त्याने ऐकून घ्यावे.

आणि आपली बाजूही सोडून चालणार नाही. ज्या देशाने बोट दिली, विद्या दिली, त्याचे उपकार नाकारणे हे कृतघ्नपणाचे होईल. १९७१ साली ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात गस्तीवर होत्या, ‘खांदेरी’ बंगालच्या उपसागरात. ही सारी माणसे रीगाला तयार झालेली. नावांचेही पाहा: जुन्या बोटी एकेक करून निवृत्त झाल्या, आणि माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’ २०१७, २०१९ आणि २०२१ साली नौदलात आल्या. या पोरी मुंबईत जन्मल्या. यांना परदेशी माहेर नाही. जुन्यांपैकी ‘कुरसुरा’ तेवढी पाहायला मिळते. ३१ वर्षांत ७३,५०० सागरी मैल फिरून ती २००२ साली विशाखापट्टणमच्या वाळूत कायमची चढवून ठेवली आहे. तिकीट काढून आत जाता येते. मुलांना जरूर दाखवावी. मोठ्या माणसांनी मात्र डोके सांभाळावे.

आबांकडे एक फोटो आहे. चार तरुण खलाशी थंडीचे कोट घालून उभे, आणि मागे उंचावर तीन तारे धरलेली ती बाई. बाजाराला जायचे तर सगळे तेथे जमत. तारेवाल्या बाईपाशी या, असे एकमेकांना सांगत. ती कोण, हे विचारले की शिकवणारे दुसराच विषय काढीत. मी तिची हकीकत सांगितली आणि दगडावर काय कोरले आहे तेही: ‘मातृभूमीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी’. आबा बराच वेळ फोटोकडे पाहत होते. मग म्हणाले, “गुरुजी, हे मागच्या बाजूला लिहून द्या. नातवंडांना मी नाही सांगू शकलो तर वाचतील.”

तात्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “कशाला लिहिता? आठवण आहे तशी राहू द्या की. त्या मिचमननं काय वाईट केलं आपलं?”

“वाईट कोण म्हणतंय?” आबा म्हणाले. “पाना जपलाय न्हवं मी?”

मी लिहून दिले. पेन्सिलीने.